आजोबांचं पाप नातवाला लागतं का? ख्रिस्ती धर्म नक्की काय सांगतो?

माडाबनातली (मालवण)

घरात आठवडाभर कुणाच्या घशाखाली घास उतरत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही कॅथलिक, मालवणजवळच्या एका वाडीतले. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाच्या हृदयाला छिद्र आहे असं निदान झालंय. पोर अजून मांडीवरचं आहे. दूध ओढताना दमतं, कपाळावर घाम डवरतो, दोन घोट पिऊन सोडून देतं. डॉक्टरांनी धीर दिलाय, ऑपरेशन होईल म्हणालेत.

मध्येच शेजाऱ्यांकडे प्रार्थनेला बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. वहिनी बाळाला घेऊन गेली. त्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, हे आजोबांचं पाप आहे, तिसऱ्या पिढीला भोवतंय, बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. आजोबांचं पाप कुठलं ते वाडीत कुणाला सांगावं लागत नाही. माझे मोठे काका बोटीवर नोकरीला होते. ते सुट्टीवर आले असताना पप्पांनी हक्कसोडीच्या कागदावर त्यांची सही घेतली, 'बँकेचं काम आहे' म्हणून. त्यांच्या वाट्याची काजूची बाग पप्पांच्या नावावर चढली. काका पुढे मुंबईतच वारले, त्यांची मुलं तिकडेच आहेत. पप्पाही गेले. बाग अजून आमच्याकडे आहे.

त्या दिवसापासून वहिनी भावाशी बोलत नाही. 'तुमच्या घराण्याने माझ्या पोराच्या नशिबात हे घातलं' एवढंच म्हणते. भाऊ रात्री ओट्यावर बसून असतो.

मला विचारायचंय ते एवढंच. आपला धर्म खरंच असं सांगतो का? देव बापाचा, आजाचा हिशेब तान्ह्या पोराकडून घेतो का? ज्यांनी पवित्र शास्त्र नीट वाचलंय त्यांनी कृपा करून सांगा. इतर धर्मांचे सभासद असतील त्यांनीही सांगा.

---

कुपारीवाट (वसई)

ताई, आधी सरळ उत्तर: नाही.

आता कारण. निर्गम २०:५ मध्ये वडिलांच्या अपराधाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करण्याची गोष्ट आहे, हे खरं. पण ते वाक्य तिथे संपत नाही. 'जे माझा द्वेष करतात' अशी अट त्यातच आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत, २०:६ मध्ये, प्रेम करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया करण्याचं वचन आहे. तीन-चार एका बाजूला, हजारो दुसऱ्या बाजूला. प्रचारकांनी पहिली ओळ वाचली आणि दुसरी गाळली.

शिवाय मोशेच्या नियमशास्त्रातच, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, २४:१६ आहे. मुलांबद्दल बापाला आणि बापाबद्दल मुलांना जिवे मारू नये, ज्याने त्याने आपल्याच पापाबद्दल मरावं. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. अमस्या राजाने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना ठार केलं, पण त्यांच्या मुलांना हात लावला नाही, आणि कारण म्हणून हीच आज्ञा तिथे दिली आहे (२ राजे १४:६).

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय वहिनींना घेऊन बसून वाचा. घाईत नाही, सावकाश. उद्या त्यावर सविस्तर लिहितो.

---

स्टेथो (रत्नागिरी)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. धर्माचं बाकीचे सांगतील, मी बाळाचं सांगतो.

जन्मतः हृदयात दोष असलेली मुलं दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ असतात. सगळ्या जातीधर्मांत, सगळ्या देशांत. बहुतेकांत एकच असं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत हृदयाचे कप्पे वेगळे होतात, तेव्हा मधला पडदा पूर्ण जुळत नाही, एवढंच. तुमच्या वहिनीने काय खाल्लं, कुठे गेली, कुणी काय केलं, याचा शोध घेत बसू नका. मी ओपीडीत रोज हे बघतो. बाळाला तपासेपर्यंत आई स्वतःला दोषी ठरवून मोकळी झालेली असते, आणि घरातलं कुणीतरी त्यात भर घालतं.

दूध पिताना घाम आणि दम ही लक्षणं गंभीरपणे घ्यायची आहेत. थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. हृदयरोगतज्ज्ञाची तारीख कुठल्याही प्रार्थनासभेसाठी पुढे ढकलू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून (२०१३ पासून आहे, ० ते १८ वयासाठी) अशा शस्त्रक्रियांना मदत मिळते. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा अंगणवाडीतल्या ताईंना विचारा, त्यांचं पथक येतं.

---

दर्याकिनारा (देवगड)

प्रचारकांनी सगळ्यांदेखत सांगितलं हे वाचून रक्त तापलं. आईच्या मांडीवर आजारी पोर असताना?

---

बारापाच (कणकवली)

आमच्याकडे गाऱ्हाणं घालताना हेच असतं बघा. 'बारा पाचाच्या देवा महाराजा, वाडवडलांकडून काय चूक झाली असात तर ती पायाखाली घाल आणि लेकराबाळांची रक्षा कर.' सगळे म्हणतत, होय महाराजा! म्हणजे आम्ही पण धरूनच चालतो की वाडवडलांची चूक लेकरांपर्यंत येऊ शकते. फक्त आमचो देव ती पायाखाली घालूक तयार आसा. तुमचो पण असतलोच.

माझ्या मावशीच्या घरी मूल होत नव्हतं म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून आले. मूल झालं. पण मधल्या काळात मावशीने गोळ्याही घेतल्या होत्या. श्रेय कुणाला ते घरात अजून ठरलेलं नाही. 🙂

---

नवाजन्म (रत्नागिरी)

मी इथे वेगळं मत मांडणार आहे, आणि ते अनुभवावरून.

माझो आजो दारू पिऊन मेलो. बापूस तसाच गेला. मीही त्याच वाटेला लागलो होतो, काजूच्या हंगामात तर शुद्धीवर नसायचो. एका प्रार्थनासभेत सेवकाने माझ्यावर हात ठेवून 'पिढ्यांचा शाप तुटो' अशी प्रार्थना केली. त्यानंतर मी थेंब घेतलेला नाही. आता ज्यांनी पुस्तकं वाचली आहेत त्यांनी मला सांगावं, माझ्या घरात तीन पिढ्या जे चाललं होतं ते काय होतं? विलापगीत ५:७ मध्ये लिहिलंच आहे, आमच्या वडिलांनी पाप केलं, ते राहिले नाहीत, आणि आम्ही त्यांचा भार वाहतो. हेही पवित्र शास्त्रच आहे ना?

त्या प्रचारकांची पद्धत चुकली असेल. पण पिढ्यांचं बंधन खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही.

---

स्टेथो (रत्नागिरी)

नवाजन्म, तुम्ही सोडलीत हे वाचून मनापासून आनंद झाला. दारूचं व्यसन घराण्यात चालत येतं हे वैद्यकशास्त्रही मान्य करतं. थोडं रक्तातून, थोडं बघून, थोडं घरातल्या दारिद्र्यातून आणि मारहाणीतून. पण तुमच्या आजोबांच्या पिण्याचा तुमच्यावर परिणाम झाला, आणि तुमच्या आजोबांच्या पिण्याबद्दल देवाने तुम्हाला शिक्षा केली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली मी डोळ्यांनी पाहतो.

---

कुपारीवाट (वसई)

नवाजन्म यांच्या प्रश्नाला बगल देणार नाही. विलापगीतातलं ते वाक्य खरंच आहे. यरुशलेम जळल्यावर, लोक उपाशी असताना काढलेला तो आक्रोश आहे. पण त्याच काळात बाबेलच्या बंदिवासातले लोक तीच गोष्ट म्हणीसारखी म्हणू लागले होते: 'बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले.' म्हणजे आमचं काही चुकलेलं नाही, वाडवडिलांचं भोगतोय, आता आपल्या हाती काही नाही. यहेज्केल १८ आणि यिर्मया ३१:२९-३० या दोन्ही ठिकाणी देव सांगतो की ही म्हण यापुढे बोलायची नाही.

यहेज्केलचा अध्याय तीन पिढ्यांचा आहे. आजा नीतिमान. बाप दुष्ट. नातू बापाचं सगळं बघतो आणि तसं करत नाही. निकाल असा, की नातू बापाच्या पापाने मरणार नाही, तो वाचेल. आणि ताई, अठराव्या ओवीत त्या दुष्ट बापाचे गुन्हे सांगितलेत ते बघा. जुलूम केला, आपल्या भावाला लुबाडलं. मी मुद्दाम शोधून काढलेलं नाही, तिथेच आहे.

तुमच्या घरातलीच गोष्ट आहे ती. तुमचा भाऊ त्यातला तिसरा आहे, दुसरा नव्हे.

---

माडाबनातली (मालवण)

कुपारीवाट, हे आत्ता वाचलं आणि उठून पुस्तक काढलं. 'भावाला लुबाडले.' वाचून हात थरथरला.

---

शनवारतेली (मूळ अलिबाग, सध्या ठाणे)

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. आमचे पूर्वज कुलाबा जिल्ह्यात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव घेतलं. हा मजकूर आमच्या तोराह या धर्मग्रंथातलाच, म्हणून बोलतो.

आमच्या रब्बींनाही (धर्मपंडितांना) हा पेच पडला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, तालमूदमध्ये (मक्कोत भाग, पान २४), सरळ म्हटलंय की मोशेने बापांचा अपराध मुलांवर येतो असा हुकूम सांगितला, आणि यहेज्केल आला आणि त्याने तो फिरवला. मोशेचा शब्द यहेज्केलने फिरवला, असं म्हणायला मोठी हिंमत लागते.

दुसरी जागा तालमूदमधलाच बेराखोत भाग, पान ७. तिथे विचारलंय, एकीकडे 'बापाचा अपराध मुलांवर' आणि दुसरीकडे 'मुलांना बापासाठी मारू नये', मग मेळ कसा घालायचा? उत्तर असं की पहिलं वाक्य त्या मुलांबद्दल आहे जी आईबापांची कृत्यं स्वतःच्या हातात धरून ठेवतात. ज्यांनी सोडून दिली त्यांना ते लागू नाही.

आमच्या घरी आजी एवढंच सांगायची, बापाने केलं ते बापाचं, पण तू ते चालू ठेवलंस की तुझं.

---

प्रश्नचिन्ह (चिपळूण)

सगळे मिळून बाजू सावरताय असं वाटतंय. मग दावीद राजाच्या बाळाचं काय? २ शमुवेल १२. बथशेबेशी व्यभिचार दाविदाने केला, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, दाविदाने मारवलं, आणि मेलं कोण? तान्हं पोर. सातव्या दिवशी. नाथान संदेष्ट्याने आधी सांगितलंच होतं की मूल मरेल. आणि यहोशवा ७ मधला आखान? लूट चोरली त्याने, दगडमार झाला मुलाबाळांसकट. वहिनींनी यहेज्केल उघडायच्या आधी हे पान उघडलं तर तुम्ही काय सांगणार?

---

किल्ल्याखालची (कोर्लई)

प्रश्नचिन्ह, प्रश्न बरोबर आहे. मला त्या बाळाची गोष्ट कधीच सोपी वाटलेली नाही. माझं पहिलं मूल गेलं तेव्हा सांत्वनाला आलेल्या एका बाईने हीच गोष्ट काढली होती. ती गोष्ट दाविदाबद्दल आहे, राजा असला तरी त्याचा गुन्हा झाकला जाणार नाही याबद्दल. त्यातून 'प्रत्येक आजारी बाळामागे बापाचं पाप असतं' असा नियम निघत नाही. असा नियम काढू नका हे तर येशूनेच सांगितलंय. योहान, नववा अध्याय. जन्मापासून आंधळा माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

ताई, वहिनीला हे वाचून दाखवा. तो माणूस जन्मतःच तसा होता. तुमचं बाळ जन्मतःच तसं आहे. शिष्यांनी अगदी प्रचारकांचाच प्रश्न विचारला होता.

आणि येशूने नुसतं उत्तर देऊन सोडलं नाही, त्या माणसाला बरं केलं. नंतर परूश्यांनी (तेव्हाच्या कडक धर्मपुढाऱ्यांनी) त्या माणसाच्या आईबापांना बोलावून उलटतपासणी घेतली, आणि ते बिचारे इतके घाबरले की 'तो वयात आलाय, त्यालाच विचारा' म्हणाले. मला त्या आईबापांचं फार वाईट वाटतं. देवाने दोष दिला नाही तरी गावाने दिलाच.

---

प्रश्नचिन्ह (चिपळूण)

हे उत्तर मला पटलं. दाविदाच्या बाळाबद्दल माझं समाधान झालेलं नाही, पण हे पटलं.

---

गुरवाची सून (गुहागर)

एक शंका. ख्रिस्ती लोकांत आदाम-हव्वाचं पाप सगळ्यांना जन्मतः लागतं असं शाळेत वाचलं होतं. मग ते आईबापांचं पाप मुलांना लागणंच नाही का झालं?

---

कुपारीवाट (वसई)

चांगली शंका. मूळ पापाबद्दल बोलताय तुम्ही. रोमकरांस पत्र ५:१२ वर ती शिकवण उभी आहे, संत ऑगस्टिनने ती मांडली, आणि ट्रेंट धर्मसभेने १५४६ मध्ये त्यावर ठराव केला. पण कॅथलिक धर्मशिक्षणात (परिच्छेद ४०४-४०५) स्पष्ट केलंय की मूळ पाप ही एक अवस्था आहे, आपण केलेलं कृत्य नाही, आणि आदामाच्या कुठल्याही वंशजाच्या बाबतीत तो त्याचा वैयक्तिक गुन्हा ठरत नाही. देवाच्या सोबतीतलं जे सुख आदामाने घालवलं ते आपल्याला जन्मतः मिळत नाही, आणि स्वभावात दुबळेपणा येतो. स्नानसंस्काराने (बाप्तिस्म्याने) ती अवस्था पुसली जाते. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी तर आदामाचा दोष वारशात येतो असं म्हणतच नाहीत, मरण आणि दुबळेपणा येतो असं म्हणतात.

आणि मूळ पाप सगळ्यांना सारखंच. त्यात अमुक घराण्याला जास्त, तमुक वाडीला कमी असं नाही. त्यामुळे त्या प्रचारकांना त्याचा आधार मिळत नाही.

नवाजन्म, तुमच्या मंडळीत काय शिकवतात त्याबद्दल मी बोलणार नाही. आमच्याकडेही हे 'वंशवृक्ष बरा करण्याचे' मिस्सा (चर्चमधले प्रार्थनाविधी) काही देशांत सुरू झाले होते. पोलंडच्या बिशपांनी २०१५ मध्ये त्यांना मनाई केली, स्पेनच्या बिशपांच्या मंडळाने २०२४ मध्ये इशारा दिला. कारण एकच, पाप नेहमी ज्याचं त्याचं असतं, आणि स्नानसंस्कारानंतरही वाडवडिलांचं पाप चिकटून राहतं म्हणणं म्हणजे त्या संस्कारालाच उणं लेखणं.

---

काजूबोंडू (वेंगुर्ले)

अवांतर: बाग किती कलमांची? वेंगुर्ला-४ जातीची की जुनी गावठी झाडं? यंदा थंडी उशिरा पडली, आमच्याकडे मोहर निम्मा करपला.

---

दर्याकिनारा (देवगड)

काजूबोंडू, अहो कुठे काय विचारताय!

---

किल्ल्याखालची (कोर्लई)

एक गोष्ट मनात होती ती लिहिते. आमच्या किल्ल्याखाली अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, त्यामुळे इकडचा जुना इतिहास घरात ऐकायला मिळतो. आईबापांचा डाग मुलांना लावायचं काम देवाने केलं की नाही हे बाजूला ठेवा, माणसांनी मात्र पुरेपूर केलंय, आणि धर्माच्या नावाने केलंय. गोव्यात १५६० ते १८१२ (मध्ये थोडा खंड सोडून) इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोही शोधून शिक्षा करणारं न्यायालय, होतं आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेईपर्यंत आपला उत्तर कोकणातला पोर्तुगीज मुलूखही त्याच्या टाचेखाली होता. त्या व्यवस्थेत धर्मद्रोही ठरलेल्याच्या मुला-नातवंडांना पदं मिळत नसत. 'जुने ख्रिस्ती' आणि 'नवे ख्रिस्ती' असा रक्ताचा भेद पोर्तुगालमध्ये कायद्याने होता, तो १७७३ मध्ये तिथला मंत्री पोंबालने रद्द केला. तोपर्यंत पणजोबा यहुदी होता म्हणून पणतूवर संशय.

एवढं लांब कशाला, कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मनियमांप्रमाणे लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला खास सूट मिळाल्याशिवाय धर्मगुरू होता येत नव्हतं. चूक आईबापांची, दार बंद मुलाला. १९८३ च्या नव्या नियमांत ती अट राहिली नाही.

म्हणजे यहेज्केलने सांगितलेलं समजायला आमच्या चर्चलाही शतकं लागली. त्या प्रचारकांवर राग आहे, पण हे जुनं दुखणं आहे.

---

शनवारतेली (मूळ अलिबाग, सध्या ठाणे)

किल्ल्याखालची, तुम्ही हे स्वतःहून लिहिलंत याचं मोल मला फार आहे. मत्तय २७:२५ मधलं 'याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर' हे एक वाक्य धरून युरोपात आमच्या लोकांना किती पिढ्या मारलं. व्हॅटिकनने २८ ऑक्टोबर १९६५ ला अधिकृतपणे सांगितलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. कोकणात आम्हाला कुणी तसं कधी म्हटलं नाही. गावकऱ्यांनी तेल घेतलं आणि शेजार केला.

---

सातबारा (कुडाळ)

मी वकील आहे. आतापर्यंत गप्प होतो, कारण बाळाचा प्रश्न आधी सुटणं गरजेचं होतं, आणि तो वरच्यांनी चांगला सोडवला. बाळाच्या हृदयाचा आणि बागेचा संबंध नाही. हे एकदा पक्कं झालं की मग बागेबद्दल बोलता येतं. प्रचारकांनी दोन्ही एकत्र बांधून टाकलं, त्यामुळे आता भीती अशी की बाळ बरं झालं की बागेचा विषयही मिटला असं घरात वाटेल. तो मिटत नाही.

शनवारतेली यांनी सांगितलेलं 'हातात धरून ठेवणं' माझ्या डोक्यातून जात नाहीये. कायदाही साधारण तिथेच आहे. बापाच्या कर्जाला मुलगा स्वतःच्या कमाईतून बांधील नसतो, बापाकडून जे मिळालं तेवढ्यापुरताच असतो. हिंदूंत पूर्वी बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य म्हणून कोर्टात लावलं जायचं, २००५ च्या दुरुस्तीनंतर तेही गेलं. कर्जाचा डाग वारशात येत नाही, मालमत्ता येते, आणि मालमत्तेबरोबर तिच्यावरचा बोजा.

आता तुमच्याबद्दल, ताई. तुम्ही सगळीकडे 'भाऊ' म्हणताय. ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आईचा एक तृतीयांश, उरलेल्यात मुलगा आणि मुलगी समान. सातबारा काढून बघा. त्यावर तुमचंही नाव असणार.

---

माडाबनातली (मालवण)

काल दिवसभर इथे यायला जमलं नाही, आज सगळं वाचून काढलं.

वहिनीला योहानाचा नववा अध्याय मी वाचून दाखवला. ती मध्ये काही बोलली नाही. 'आईबापांनीही नाही' तिथे आल्यावर म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि पाजायला बसली. रात्री तिने भावाला जेवायला वाढलं. स्टेथो, तुमच्या सांगण्याप्रमाणे आम्ही आता दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं पाजतोय. ग्रामीण रुग्णालयातून पथकाची तारीख मिळाली, पुढची तपासणी कोल्हापूरला.

सातबारा, तुमचं वाचून आज तलाठी कार्यालयातून उतारा काढला. नाव आहे माझं. तीन नावं आहेत, आई, भाऊ, मी. इतकी वर्षं हंगामात बिया गोळा करून विकल्या त्यातला माझा वाटा भाऊ गुपचूप माझ्या खात्यात टाकत होता, आणि मी तो घेत होते.

फादरांकडे जाऊन आले. तेही म्हणाले, बाळासाठी तुम्हाला कुणाला कुमसार (पापकबुली) करायची गरज नाही. बागेसाठी मात्र ते म्हणाले की अन्यायाने आलेली वस्तू परत करणं हा न्यायाचाच भाग आहे, नुसती प्रार्थना पुरत नाही. बायबलमधल्या जक्कय जकातदाराचं सांगितलं त्यांनी, लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणणाऱ्या.

---

नवाजन्म (रत्नागिरी)

ताई, बाळासाठी आमच्या घरी रोज प्रार्थना चालू आहे. शाप वगैरे शब्द न वापरता.

माझ्यापुरतं सांगतो. माझ्यावर जी प्रार्थना झाली ती देवाने ऐकली, यावर माझा विश्वास ठाम आहे. पण आज बायकोशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही आमच्या मुलाला सारखं सांगत आलोय की तुझ्या रक्तात हे आहे, तुला जपायला हवं. तो तेरा वर्षांचा आहे. त्याने अजून काहीच केलेलं नाही, आणि तो स्वतःला आधीच दारुडा समजतो. हे बोलणं आजपासून घरात बंद.

---

किल्ल्याखालची (कोर्लई)

नवाजन्म, हे वाचून डोळे भरून आले. मुलाला मत्तयचा पहिला अध्याय वाचायला द्या. येशूची वंशावळ. त्यात दावीद आहे आणि 'उरीयाची बायको' असा स्पष्ट उल्लेख आहे, काही लपवलेलं नाही. त्याच घराण्यात तो जन्माला आला.

---

काजूबोंडू (वेंगुर्ले)

माझ्या आधीच्या प्रश्नाबद्दल गैरसमज नको, विचारण्यामागे कारण होतं. बाग परत द्यायची झाली तर किती कलमं, किती वयाची, दरवर्षी किती बी पडते हे लिहून ठेवा. मुंबईच्या माणसाला नुसती जमीन दाखवून कळत नाही. पाहिजे तर मी येऊन मोजून देतो, वेंगुर्ल्याहून मालवण कितीसं लांब.

---

सातबारा (कुडाळ)

काजूबोंडू म्हणतात ते बरोबर. ताई, चुलत भावंडांशी आधी बोला, कागद नंतर. ती हो म्हणाली तर बक्षीसपत्र करता येईल, दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागेल. चुलत भावंडांना मुद्रांक शुल्काची जवळच्या नात्यातली सवलत मिळत नाही, तो खर्च धरा. शेतजमीन असल्याने घेणाऱ्याने शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो (कुळकायद्याचं कलम ६३), काकांच्या नावावर दुसरीकडे कुठे जमीन होती का बघा. पोटहिस्सा पाडायचा तर भूमी अभिलेखकडून मोजणी.

---

माडाबनातली (मालवण)

भावाने काल चुलत भावाला फोन केला. पहिल्यांदा त्याने ठेवून दिला. संध्याकाळी त्याचाच आला. बाळाची चौकशी केली, बागेबद्दल म्हणाला, बघू, आधी ऑपरेशन होऊ दे.

अडचण आईची आहे. ती म्हणते, तुमच्या पप्पांना चोर ठरवायला निघालात, मी जिवंत असेपर्यंत सही करणार नाही. तिचंही मला कळतं. चाळीस वर्षं तिने त्या बागेत पाणी वाहिलंय. तिला मी यहेज्केल नाही वाचून दाखवणार. आई अडून राहिली तर काय होऊ शकतं?

---

सातबारा (कुडाळ)

आईंचा एक तृतीयांश आईंचा. त्यावर जोर करू नका. तुमचा आणि भावाचा मिळून दोन तृतीयांश हिस्सा आहे, तो द्यायला तुम्हाला त्यांची सही लागत नाही. ऑपरेशन उरकून या, कुडाळला उतरलात की फोन करा, कागद मी करून देतो, फी नको.